केळसकरांच्या घरचं यादीवाचन

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाची डिरेक्टरी दर गुढीपाडव्याला निघते. नाव, मूळ गाव, शिक्षण, नोकरी आणि फोन असे पाच कॉलम. लोक ती ठेवतात फोनच्या कॉलमसाठी आणि वाचतात शिक्षणाच्या. आयसेलिनपासून जर्सी सिटीपर्यंत पसरलेली दोनशे बारा कुटुंबं, पण त्यांतल्या एकानंही 'वसुधाताई, आमच्या गावाचं नाव चुकलं' म्हणून कधी फोन केलेला नाही. 'एम.एस.पुढे विद्यापीठाचं नाव राहिलं' म्हणून मात्र माणसं मला ओक ट्री रोडवर भाजीच्या दुकानात अडवतात, हातात मेथीची जुडी असताना.

बारा वर्षं ही डिरेक्टरी मी करतेय. माझा एकच नियम. फॉर्मवर जे लिहून येईल ते टाइप करायचं, पडताळायचं नाही. पडताळायला बसले असते तर डिरेक्टरी चार पानांची झाली असती. शिवाय मला बरंचसं आयतंच कळतं, कारण मी गावच्या लायब्ररीत काउंटरला असते. स्वतःला 'सीनियर आर्किटेक्ट' म्हणवणारा गृहस्थ जावा भाषेची तोंडओळख करून देणारं पुस्तक तिसऱ्यांदा रिन्यू करायला येतो, तेव्हा मी शिक्का मारते, हसते आणि गप्प बसते.

हा गृहस्थ म्हणजे मोरेश्वर केळसकर. पुण्याचा बी.ई., मग मुंबईत चार वर्षं, मग व्हिसावर इकडे. माणूस वाईट नाही. फक्त त्याला खोलीत शिरल्याबरोबर कोण आपल्यापेक्षा वर आणि कोण खाली याची मोजदाद करावी लागते आणि ती झाल्याशिवाय चहा गोड लागत नाही. २००१ साली, निम्म्या मंडळाच्या नोकऱ्या डळमळत असताना, या माणसानं समितीत एक ठराव आणला: डिरेक्टरीत पदवीच्या खालचं शिक्षण छापू नये. डिप्लोमा, सर्टिफिकेट, सगळं बाद.

"डिरेक्टरी आपण मेयरला देतो, ताई. लायब्ररीत ठेवतो. गोरे लोक वाचतात. काय इंप्रेशन पडतं?"

मेयरनं डिरेक्टरी उघडल्याचं मला माहीत नाही, आणि लायब्ररीतली प्रत मीच फडक्यानं पुसते. पण ठराव पास झाला. त्याचा एकमेव बळी रवींद्र ठोंबरे. अंबरनाथचा रवींद्र आय.टी.आय. फिटर. इथे त्याचा एअर कंडिशनर दुरुस्तीचा धंदा आहे, तीन व्हॅन्स आहेत. जुलै महिन्यात सगळे बी.ई. आणि एम.एस. घामाघूम होऊन त्यालाच फोन करतात, केळसकर सगळ्यांत आधी. त्या वर्षीपासून ठोंबरेंचा शिक्षणाचा कॉलम कोरा. रवींद्र एवढंच म्हणाला, "राहू द्या ताई, फोन नंबर तेवढा बरोबर छापा."

या नियमानं पुढे कुणाचा पाय मुरगळला, ती ही हकीकत.

मोरेश्वरची बायको उत्तरा. नागपूरची, बी.ए. इंग्रजी वाङ्मय. लग्न होऊन आली तेव्हा व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. मुलगी अनिका शाळेत जायला लागली, तशी उत्तरानं २००२च्या सप्टेंबरात काउंटी कॉलेजात नाव घातलं. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीची असोसिएट डिग्री, म्हणजे पदवीच्या एक पायरी खालची. काउंटी कॉलेज म्हणजे जिल्ह्यानं चालवलेलं, कुणालाही प्रवेश देणारं, दोन वर्षांचं कॉलेज. तिथे हायस्कूल कसंबसं पार केलेली पोरं येतात, दिवसभर ट्रक चालवून संध्याकाळी वर्गात बसणारी माणसं येतात, नातवंडं असलेल्या बाया येतात. मोरेश्वर म्हणायचा, "कॉलेज कसलं, पार्किंग लॉटला चार खोल्या जोडल्यात."

पहिल्याच दिवशी प्रवेशाची चाचणी झाली आणि कॉलेजनं उत्तराला 'परभाषिकांसाठी इंग्रजी'च्या वर्गात बसवलं. मोरेश्वरनं ही गोष्ट त्या हिवाळ्यात निदान सात घरी सांगितली. मी त्यांतल्या चार घरी होते. "बी.ए. इंग्लिश! आणि गोऱ्यांनी बसवलं इंग्लिश शिकायला! नागपूर युनिव्हर्सिटीचा विजय असो!" उत्तरा त्या वेळी पोळ्यांवर तूप लावत असायची. त्या वर्गात तिला 'ए' मिळाला, हे त्यानं एकाही घरी सांगितलं नाही.

दर सेमिस्टरला दोन विषय. अनिकाला डान्स क्लासला सोडायची आणि तासभर लायब्ररीत येऊन बसायची. खिडकीजवळचं टेबल तिचं. पुढे पुढे पुस्तकांबरोबर कॉम्प्युटर जोडायच्या केबलची गुंडाळी आणि पकडीसारखं एक हत्यार यायला लागलं. निळी केबल सोलायची, आत आठ रंगीत तारा, त्या ठरलेल्या क्रमानं सरळ करून प्लास्टिकच्या इवल्याशा टोकात घुसवायच्या आणि पकड दाबायची. एक तार जरी मागे राहिली तरी केबल मेली. पहिल्या आठवड्यात तिनं बावीस टोकं फुकट घालवली. मी केराच्या टोपलीत मोजली.

"ताई, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी," ती पुटपुटायची. "सत्यनारायणाची पूजा सांगितल्यासारखं वाटतं."

"प्रसाद काय मिळतो?"

"केबल जमली की दिवा लागतो, ताई. हिरवा. कुठला प्रसाद एवढ्या लवकर मिळतो?"

इकडे मोरेश्वरच्या तोंडी तिचं शिक्षण वर्षाला एक पायरी चढत होतं. २००२ साली 'टाइमपासला जाते'. २००३ साली 'आयटी करतेय'. २००४ साली ग्रीन कार्ड आलं आणि मंडळातल्या तिघींनी एम.एस.ला नावं घातली, तेव्हा 'मास्टर्स लेव्हलचंच असतं ते'. आणि २००५च्या दिवाळीला, शेवयांच्या खिरीची वाटी हातात धरून, माझ्यासमोर, 'उत्तराचं एम.एस. संपतच आलं'. स्वतः मोरेश्वरनं एम.एस. केलेलं नाही. जे आपल्याला झेपलं नाही ते त्यानं मोठ्या मनानं बायकोला देऊन टाकलं.

मी उत्तराकडे पाहिलं. ती खिरीतले काजू बघत होती.

जानेवारीत डिरेक्टरीचे फॉर्म आले. केळसकरांचा फॉर्म मोरेश्वरच्या अक्षरात. उत्तराच्या रकान्यात: बी.ए., एम.एस. (आय.टी.). खाली त्याचीच सही, दोघांच्या वतीनं. माझा नियम मी पाळला आणि टाइप केलं. आता मागे वळून बघताना त्या नियमाचा मला काही फार अभिमान वाटत नाही, पण ते जाऊ द्या.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला, गुरुवारी, उत्तरा लायब्ररीत आली ती केबलशिवाय. हातात दोन पानी फॉर्म. शेवटची सेमिस्टर सुरू झाली होती. एकच गोष्ट राहिली होती, एकशेऐंशी तासांची इंटर्नशिप. एखाद्या कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागात बिनपगारी काम करायचं आणि तिथल्या साहेबाची सही आणायची. तिच्या हातात होती ती जागा एका इन्शुरन्स ऑफिसची, ती आदल्या आठवड्यात गेली, तो विभागच बंद झाला. फॉर्म द्यायची शेवटची मुदत सोमवारी दुपारी बारा.

"नाही दिला तर?"

"पुढच्या वर्षी जानेवारीत. हा विषय फक्त तेव्हाच असतो. आणि ऑगस्टात हा म्हणतो टेक्सासला, प्लेनोला जायचं. याची कंपनी तिकडे मोठा कँपस बांधून राहिली आहे." उत्तरा नेटकं पुणेरी बोलते, पण जीव टांगणीला लागला की नागपूर वर येतं. "साडेतीन वर्षं, ताई. एका सहीसाठी पाण्यात."

"श्रीरामला विचार की."

श्रीराम पात्रीकर आमच्याच मंडळाचा. अमरावतीचा. शेजारच्या गावच्या सहा सरकारी शाळांच्या कॉम्प्युटरचा कारभार त्याच्याकडे, आणि हाताखाली माणसं दीड. एक पूर्ण आणि एक अर्धवेळ. त्याला फुकटचा माणूस मिळाला असता तर त्यानं पेढे वाटले असते.

"मोरेश्वर नाही म्हणतो. कुणालाही विचार, मंडळातल्या माणसाला विचारायचं नाही. या फॉर्मवर वर ठळक अक्षरात 'असोसिएट डिग्री' छापलंय ना."

"बरं. आणि तू काय म्हणतेस?"

तिनं पर्समधून फोन काढला, माझ्या गेल्या वर्षीच्या डिरेक्टरीतून नंबर शोधला आणि लावला. श्रीरामचा आवाज असा, की त्याच्याशी फोनवर खाजगी बोलायचं तर दोन्ही बाजूंना रान हवं. मला काउंटरच्या अलीकडे सगळं ऐकू आलं.

"इंटर्न? हवाय ना, वहिनी! मार्चमध्ये दोन शाळांत केबल ओढायची आहे. कुणासाठी विचारता? तुमच्यासाठी नसेलच म्हणा, तुमचं एम.एस. आहे. एम.एस.वाल्या बाईला मी शिडीवर चढवलं तर मोरेश्वर मला मंडळात पाय ठेवू देईल का? हॅ हॅ हॅ!"

इथे उत्तरानं एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ती म्हणाली, "नाही नाही, एका मैत्रिणीसाठी सहज विचारलं."

"पाठवून द्या मैत्रिणीला!"

फोन बंद झाला. मी विचारलं, "कोण गं मैत्रीण?"

"मीच." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "तोंडातून निघूनच गेलं, ताई. नवऱ्यानं चार लोकांत सांगितलं ते बायकोनं खोटं पाडायचं नसतं, हे इतकं आत बसलंय. अमेरिकेत येऊन दहा वर्षं झाली, आठ तारांचा क्रम पाठ झाला, पण हे काही निघत नाही."

मला राग आला. तिचा थोडा, त्याचा बराच, आणि ज्या माणसांपुढे हे सोंग नाचवायचं त्या माणसांचा सगळ्यांत जास्त. मी एवढंच म्हटलं, "रविवारी यादीवाचन तुमच्याच घरी आहे. श्रीराम येणार आहे."

"माहीत आहे. सांबारवडी करायची आहे मला पंचवीस माणसांची," असं म्हणून ती गेली. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चौदा जुड्या लागतात, पंचवीस माणसांना.

यादीवाचन हा आमच्या मंडळाचा खास प्रकार. पूर्वी डिरेक्टरी छापून आली की भांडणं व्हायची, म्हणून मी ही पद्धत पाडली. छपाईआधी एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, मी प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचायची आणि ज्याची नोंद तो हजर असेल तर त्यानं 'बरोबर' म्हणायचं. एकदा 'बरोबर' म्हटलं की पुढे तक्रार चालणार नाही. नवरा-बायको दोघांच्या नोंदीला नवराच 'बरोबर' म्हणतो. तसा नियम नाही, पण कुणी वेगळं केलेलं नाही.

पाच फेब्रुवारीला सुपरबोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता. वाचन त्याआधी उरकायचं ठरलं होतं, कारण आमच्या पुरुषांना सोमवारी ऑफिसात बोलायला काहीतरी हवं असतं. कोण कुणाशी खेळतंय हे दिवाणखान्यातल्या पंधरांपैकी दोघांना माहीत असावं. मोरेश्वरनं नवा मोठा टीव्ही लावून आवाज बंद ठेवला होता. पुढ्यात सांबारवडीची ताटं. शाल पांघरून मी सोफ्याच्या कडेला, हातात लाल पेन.

वाचन सुरू झालं. आगाशे, बरोबर. आठवले, बरोबर. इनामदारांना पीएच.डी.च्या आधी 'डॉ.'पण हवं होतं, दिलं. मग क आला.

"केळसकर मोरेश्वर, पुणे, बी.ई., पी.एम.पी." पी.एम.पी. हे प्रोजेक्ट मॅनेजरांचं सर्टिफिकेट, पण त्याला ठराव लागला नव्हता.

"बरोबर."

"केळसकर उत्तरा, नागपूर, बी.ए., एम.एस., कंसात आय.टी."

"बरोबर, बरोबर. पुढे घ्या ताई, किक-ऑफ साडेसहाला आहे."

मी पुढे घेतलं नाही. पेन कागदावर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हटलं, "उत्तरा, बरोबर?"

अकरा वर्षांत मी कुठल्या बायकोला विचारलं नव्हतं. दोन-चार माना वळल्या. उत्तरा दारात उभी होती, हातात कढीची वाडगी.

"चूक," ती म्हणाली.

"विद्यापीठाचं नाव राहिलं का?" इनामदार म्हणाले.

"एम.एस. चूक आहे. मी एम.एस. करत नाहीये. काउंटी कॉलेजात असोसिएट डिग्री करतेय. दोन वर्षांची. ती मला साडेतीन वर्षं पुरली."

टीव्हीवर कुणीतरी बिनआवाजाचं नाचत होतं. मोरेश्वर हसला. त्याचं हे हसणं मला माहीत आहे. पुस्तक उशिरा परत करताना तो असंच हसतो. "अरे, ती मस्करी करतेय. हिचं नागपुरी ह्यूमर."

जिन्यावर बसलेली नऊ वर्षांची अनिका म्हणाली, "नो डॅड, शी इज नॉट. शी हॅज अ थ्री पॉइंट नाइन आउट ऑफ फोर."

"अनिका, गो टु युअर रूम."

"व्हाय? इट्स अ गुड नंबर!"

कोपऱ्यातून रवींद्र ठोंबरेचा आवाज आला, शांत, तोंडात वडी असल्यासारखा. "मोरेश्वर, ते पार्किंग लॉटला चार खोल्या जोडलेलं कॉलेज ते हेच का?"

दोघं-तिघं हसले आणि लगेच खोकले. मोरेश्वरचे कान लाल झाले. पण शिकलेला माणूस तो, अडचणीत सापडला की नियम काढतो. "हे बघा, सिलॅबस बघितला तर मास्टर्सच्या तोडीचाच आहे. पण ठीक आहे. पदवीच्या खालचं छापायचं नाही असा मंडळाचा ठराव आहे. मग बी.ए. छापा फक्त. नियम म्हणजे नियम. संपला विषय."

बायकोची साडेतीन वर्षं खोडून टाकायला त्याला तीन सेकंद लागले. मी घड्याळ बघत नव्हते, पण जास्त नसावेत.

"कॉलमचं मरू द्या," उत्तरा म्हणाली. कढीची वाडगी तिनं टीव्हीच्या स्टँडवर ठेवली, नव्या टीव्हीला लागून, आणि मोरेश्वरचं सगळं लक्ष तिकडे गेलं. कमरेला खोचलेल्या नॅपकिनखालून तिनं तो दोन पानी फॉर्म काढला, चौघडी घातलेला, आणि श्रीरामच्या ताटापुढे धरला. "श्रीरामभाऊजी, गुरुवारी फोन केला ती मैत्रीण मीच. उद्या बाराच्या आत सही हवी. इंटर्नशिप द्याल का?"

श्रीरामनं फॉर्म घेतला नाही. आधी मोरेश्वरकडे पाहिलं. मोठा माणूस, सहा शाळा चालवतो, पण दुसऱ्याच्या बायकोच्या कागदाला हात लावायच्या आधी नजरेनं परवानगी मागायची, हे त्याच्या रक्तात.

"त्याच्याकडे काय पाहून राहिले भाऊजी? फॉर्म माझा आहे."

खोलीत कुणी वडी चावेना.

श्रीरामनं हात पुसले. फॉर्म उघडला, नीट वाचला, मागचं पानही. मग एकदम ऑफिसातल्या आवाजात बोलायला लागला, आणि गंमत म्हणजे तो आवाज लहान होता. "शिडीवर चढावं लागेल. छताच्या पट्ट्या सरकवून आतून केबल न्यायची. धूळ असते."

"चढते."

"टोकं चढवता येतात?"

"ताईंना विचारा. पहिल्या आठवड्यात बावीस फुकट घालवली. त्यानंतर नाही."

मी टोपलीत मोजली होती हे तिला माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"सहावीची पोरं माऊसच्या खालचे बॉल काढून खिशात घालतात. आठवड्याला पंधरा-वीस. काय कराल?"

"ऑप्टिकल माऊस घ्या. बॉलच नसतो त्यात."

श्रीराम तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याचं ते मोठं हसणं सुटलं. "माझ्या दीड माणसांना हे तीन वर्षांत सुचलं नाही! पेन द्या कुणीतरी."

मी माझं लाल पेन पुढे केलं.

"लाल नको ताई," उत्तरा म्हणाली, "काळी किंवा निळी शाई, असं खाली लिहिलंय." एवढ्या गोंधळातही तिनं सूचना वाचलेल्या. रवींद्रनं शर्टच्या खिशातलं निळं पेन काढून दिलं. त्यावर त्याच्या कंपनीचं नाव आणि फोन नंबर. श्रीरामनं गुडघ्यावर ठेवून सही केली, तारीख घातली. उत्तरानं फॉर्म घेतला, फुंकर मारली, पुन्हा चौघडी घातली आणि म्हणाली, "कढी घ्या ना, गार होतेय."

पाणी प्यायला म्हणून मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तहान नव्हती. मोरेश्वर आधीच तिथे पोचला होता.

"नाक कापलंस माझं, सगळ्यांसमोर."

"एम.एस. तू करवलंस माझं, मोरेश्वर. मी कुठे केलं?"

"सहा महिने थांबली असतीस तर? प्लेनोला गेल्यावर कुणाला काय कळणार होतं?"

उत्तरानं झारा उचलला, कढईतली वडी उलटली. "तिथं काय सांगणार होतास? पीएच.डी.?"

मोरेश्वर माझ्याकडे वळला, मला तिथे बघून दचकला, आणि सवयीनं म्हणाला, "ताई, वडी घेतली ना?"

"घेतली," मी म्हटलं. "खरंच छान झाली आहे."

वाचन पुढे चालू झालं, पण त्यात दम राहिला नव्हता. माणसं 'बरोबर' म्हणायच्या आधी जरा थांबायला लागली. किक-ऑफ हुकला, कुणाला कळलंही नाही. आणि खरी मजा मंगळवारपासून. मला फोन यायला लागले. "ताई, ते माझं एम.बी.ए. आहे ना, त्यापुढे 'एक्झिक्युटिव्ह' घाला, वीकेंडचं होतं ते." "ताई, मिस्टरांचं ते 'रिसर्च' काढूनच टाका, जागा खूप जाते." "ताई, डॉ. राहू द्या, पण बारीक अक्षरात." नऊ फोन झाले. इनामदार स्वतः लायब्ररीत येऊन गेले. एका पुस्तकाच्या चौकशीला. पुस्तक काही त्यांनी नेलं नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळं दुरुस्त केलं. ठोंबरेंच्या कोऱ्या कॉलममध्ये 'आय.टी.आय. (फिटर), अंबरनाथ' घातलं, ते मात्र कुणाला न विचारता. समितीत त्यावर एकानंही तोंड उघडलं नाही.

उत्तराच्या नोंदीत त्या वर्षी फक्त बी.ए. छापलं. तिनंच सांगितलं, "मेपर्यंत माझ्याकडे काही नाही, ताई. नसलेलं कशाला छापता?"

सोमवारी अकराच्या सुमाराला तिनं फॉर्म दिला होता. मार्च-एप्रिल ती शिडीवर होती. लायब्ररीत यायची ती केसांत छताचा पांढरा भुगा घेऊन. मे महिन्यात एकशेऐंशी तास भरले आणि डिग्री मिळाली. जूनमध्ये श्रीरामचा अर्धा माणूस सोडून गेला आणि त्या अर्धवेळ जागेची पूर्णवेळ जागा झाली. जाहिरातीत अट होती: आयटीतली असोसिएट डिग्री. एम.एस. असलेले सतरा अर्ज आले होते म्हणे. श्रीराम म्हणाला, त्यांच्यातला एकही जण शिडीवर टिकला नसता.

प्लेनो रद्द झालं. उत्तरा म्हणाली, मी येत नाही, झालं. मोरेश्वरनं कंपनी बदलली, आता ट्रेननं जर्सी सिटीला जातो. घरचा मेडिकल इन्शुरन्स उत्तराच्या नोकरीवर आहे. लोकांना तो सांगतो, "टेक्सासला उकाडा फार." आणि गणपतीत, मोदक खाता खाता, मी माझ्या कानांनी ऐकलं: "मीच म्हटलं उत्तराला, थिअरी शिकून काय करायचंय, एम.एस. काय कुणीही करतं. प्रॅक्टिकल शीक." नोव्हेंबरच्या सभेत त्यानं ठराव आणला की काळाबरोबर बदलायला हवं, कष्टाच्या शिक्षणाला मान द्यायला हवा, सबब २००१चा नियम रद्द करावा. भाषण चांगलं झालं. मागच्या रांगेत रवींद्र ठोंबरे टाळ्या वाजवत होता, जरा जास्तच वेळ.

डिसेंबरात फॉर्म आला. पुन्हा मोरेश्वरच्याच अक्षरात. उत्तराच्या रकान्यात: बी.ए., ए.ए.एस. (आय.टी.), हाय ऑनर्स. ए.ए.एस. म्हणजे तीच असोसिएट डिग्री. मी पेन ठेवलं. हाय ऑनर्स! चढला पुन्हा पायरी, म्हटलं. कॉलेजच्या पदवीदानाची पुस्तिका दर वर्षी आमच्या लायब्ररीत येते, आणि ती कुणी उघडत नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा मी माझा नियम मोडला आणि ती उघडली. 'के'च्या पानावर केळसकर, उत्तरा. नावापुढे दोन चांदण्या. पानाच्या तळाशी बारीक टाइपात चांदण्यांचा अर्थ.

खरं होतं. मोरेश्वर केळसकरच्या हस्ताक्षरातली, जशीच्या तशी खरी निघालेली ही पहिली नोंद. आणि तिच्याखाली, सहीच्या जागी, या वेळी त्याची सही नव्हती. निळ्या शाईत उत्तराची होती.